अटकेपार झेंडा आणि मागं राहिलेली बिलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात एक बातमी होती. पुण्यातल्या काही तरुण मुलामुलींनी केलेल्या छोट्या मराठी चित्रपटाची परदेशातल्या एका महोत्सवात निवड झाली आहे. मथळ्यात ‘अटकेपार’ हा शब्द होता. बातमी वाचून मनापासून आनंद झाला. त्या युनिटमधल्या दोघांना मी ओळखते, त्यांनी किती हाल सोसलेत ते मला ठाऊक आहे. पण मथळ्यातला तो शब्द दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबणार आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कापा, फक्त माझ्या चुकीचा भाग तेवढा राहू द्या.

मी चित्रपटांचे हिशेब लिहिते. 1996 पासून हेच काम करते आहे. मोठ्या बॅनरचे चित्रपट माझ्याकडं येत नाहीत. स्वतःच्या, मित्रांच्या, सासऱ्यांच्या पैशातून होणारे येतात. पेटी कॅश, व्हाउचर, जेवणाची बिलं, जनरेटरच्या डिझेलच्या पावत्या, कलाकारांचे टीडीएस, हा माझा रोजचा संसार. त्याआधी बँकेत होते आणि त्याच्याही आधी पुणे विद्यापीठात इतिहासात एम.ए. केलं. राहायला सदाशिव पेठेत, म्हणजे ज्या सदाशिवरावभाऊंच्या नावानं ही पेठ वसली त्यांच्या नावाचा पत्ता मी आयुष्यभर लिहीत आले. त्यामुळं ‘अटकेपार’ म्हटलं की इतरांना झेंडा दिसतो, मला त्या मोहिमेची खर्चवही दिसते.

1758 साली राघोबादादांच्या मोहिमेत मराठी फौजांनी लाहोर घेतलं आणि त्या अटकेपर्यंत गेल्या. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथंच थांबते. पुढची गोष्ट अशी की दादा परत आले ते खजिना भरून नव्हे, कर्ज करून. पंजाब राखायला पुरेशी फौज आणि पैसा मागं ठेवलेला नव्हता. दीडएक वर्षात अब्दालीनं तो परत घेतला. पुण्यात या खर्चाचा जाब विचारला तो भाऊंनी. ते जमाखर्चात मुरलेले कारभारी होते. तेव्हा दादा म्हणाले, की मग पुढच्या मोहिमेवर तुम्हीच जा. असं इतिहासकारांनी नोंदवलं आहे. भाऊ गेले. ती मोहीम पानिपतची.

मराठ्यांच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट ही आहे. हिशेब विचारणाराच मोहिमेवर गेला, आणि मग मागं हिशेब विचारायला तसा माणूस उरला नाही.

स्वतःच्या बळावर चित्रपट करणाऱ्या मुलांना मी हीच गोष्ट सांगत असते. पैसा कमी पडला म्हणून बुडालेले चित्रपट मी थोडे पाहिले. ‘हे जमणार नाही’ असं तोंडावर म्हणणारा माणूस युनिटमधून गेला, गप्प झाला किंवा त्याला बढती मिळाली, म्हणून बुडालेले पुष्कळ पाहिले. आणि एकदा तो गप्प झालेला माणूस मीच होते.

कुणी म्हणेल, चित्रपटवाल्यांनी राज्यकर्त्यांकडून काय शिकायचं? माझं म्हणणं असं की दुसरं कुणाकडून शिकणार? स्वतंत्र चित्रपटाचा दिग्दर्शक हाच निर्माता असतो, लेखकही तोच, कित्येकदा पैसे गोळा करणाराही तोच. वर स्टुडिओ नाही, मालक नाही. साठ-सत्तर माणसं त्याच्या शब्दावर महिनाभर जगतात. राजाचीच जागा ती. शिवाय बुडालेल्या चित्रपटाचं दप्तर कुणी ठेवत नाही. यशस्वी दिग्दर्शकाच्या मुलाखती छापून येतात, फसलेला फोन उचलत नाही, विषय संपला. राज्यकर्त्यांचं तसं नाही. एम.ए.ला असताना मी काही महिने पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर पाहायला जात होते. मोडीतले कागद रुमालांत बांधून ठेवलेले. कुणी पैसे मागितले, कुणी धाडले नाहीत, कुणी काय सांगून पाहिलं, सगळं तिथं आहे. अपयशाचा इतका बारीक हिशेब दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत नाही.

अलीकडचं आणि दूरचं एक उदाहरण देते, कारण ते अगदी माझ्या कामाच्या भाषेतलं आहे. ब्रिटनच्या लिझ ट्रस 6 सप्टेंबर 2022 ला पंतप्रधान झाल्या. दोनच दिवसांत अर्थखात्याचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी टॉम स्कॉलर यांना हटवण्यात आलं. 23 सप्टेंबरला त्यांचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे 45 अब्ज पौंडांच्या करकपातीची घोषणा केली. तिथं सरकारचे आकडे तपासून अंदाज मांडणारी एक स्वतंत्र संस्था आहे. या वेळी तिचा अंदाज सोबत दिलाच नाही. पौंड घसरला, सरकारी रोखे कोसळले, पेन्शन फंड अडचणीत आले आणि 28 सप्टेंबरला बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. 14 ऑक्टोबरला अर्थमंत्री गेले, 20 ला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला. ब्रिटनच्या इतिहासातली सर्वांत अल्पकाळाची पंतप्रधान म्हणून त्यांची नोंद झाली.

करकपात चूक की बरोबर, तो वाद अर्थशास्त्र्यांनी घालावा. मला दिसतं ते एवढंच, की आकडे तपासणाऱ्याला आधी खोलीबाहेर काढलं आणि मग आकडे जाहीर केले. बाजाराला याचा वास लगेच येतो. आपल्या छोट्या चित्रपटांच्या दुनियेतही येतो. ज्या दिग्दर्शकाचं अंदाजपत्रक त्याच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही, त्याच्या सेटवर पहिल्याच आठवड्यात लाईटवाला रोजचे पैसे रोज मागायला लागतो. त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. पण प्रॉडक्शन मॅनेजर उत्तर देताना कुठं बघतो, ते त्यानं पाहिलेलं असतं.

आता माझी गोष्ट.

2013 सालची. चित्रपटाचं नाव लिहीत नाही, दिग्दर्शकाचंही नाही. माझं नावही कृपया छापू नका; माझ्या नावावरून त्याचं निघेल आणि त्याची मुलगी आता शाळेत जाते. तेव्हा तो 29 वर्षांचा होता. त्याचा लघुपट बाहेरच्या 3 महोत्सवांत जाऊन आला होता, एका ठिकाणी बक्षीस मिळालं होतं. पेपरात फोटो, कॉलेजात सत्कार. त्या लघुपटाचे 2 लाख 80 हजार मात्र फिटायचे राहिले होते. महोत्सवांचं प्रवेशशुल्क डॉलरमध्ये भरायचं असतं, ते निवड झाली नाही तरी परत मिळत नाही. त्यानं 30-35 ठिकाणी भरलं होतं. सबटायटल, व्हिसा, विमानाचं तिकीट, हॉटेल. झेंडा अटकेला लागला होता आणि मागं उधारी होती. मी बिलं लावून त्याच्यापुढं ठेवली तेव्हा तो म्हणाला, “ताई, आता मोठा चित्रपट केला की सगळं एकदम निघेल.”

मोठ्या चित्रपटाचं अंदाजपत्रक 74 लाखांचं झालं. हातात होते 51. बाकीचे कुठून, तर अनुदानातून. आपल्या राज्य सरकारचं अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर, सेन्सॉरचं प्रमाणपत्र मिळाल्यावर, समितीनं पाहून दर्जा दिला तर आणि तेव्हाच मिळतं. ते चित्रीकरणाच्या खर्चात जमेला धरणं म्हणजे न आलेल्या खंडणीवर फौज उभी करणं. मी हे त्याला सांगितलं. लेखी दिलं. डबिंग, साउंड, डीआय (म्हणजे पडद्यावरचे रंग जुळवणं), मिक्सिंग, प्रसिद्धी यांच्यासाठी आज एक रुपया नाही, असं फुलस्केपच्या एका पानावर लिहून दिलं. त्यानं ते शांतपणे वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, “ताई, हे सगळं तुमच्याइतकं कोणाला कळतं? तुम्हीच कार्यकारी निर्मात्या व्हा.”

मी हो म्हटलं. 17 वर्षांत माझं नाव श्रेयनामावलीत शेवटून चौथ्या-पाचव्या पाटीवर येत होतं, ते सुरुवातीला स्वतंत्र पाटीवर येणार होतं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी चितळ्यांकडून अर्धा किलो बाकरवडी नेली, हे आठवतं. आणि दुसऱ्या दिवसापासून, ज्या आकड्यांवर मी बोट ठेवलं होतं तेच आकडे मी इतरांपुढं सावरून सांगायला लागले. कॅमेरावाल्याला म्हटलं, अनुदान नक्की आहे. साउंडच्या मुलाला म्हटलं, तुझे पैसे वेगळे काढून ठेवलेत. ते काढलेले नव्हते. त्याच्या डोळ्यांत बघून मी हे बोलले.

चित्रीकरण भोर तालुक्यातल्या एका गावात. 26 दिवसांचं शेड्यूल, जूनच्या तोंडावर. युनिट 70 माणसांचं. इतकी माणसं त्या कथेला लागत नव्हती. दोन पात्रं, एक घर आणि एक ओढा अशी ती गोष्ट होती. पण लघुपट 11 जणांत केला होता, आता मोठा चित्रपट म्हणजे सगळं मोठं पाहिजे, असं झालं. दोन व्हॅनिटी व्हॅन घाटातून वर आणायला अर्धा दिवस गेला. पानिपताच्या मोहिमेत लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे असा मोठा जमाव होता. जड सामान आणि हा जमाव सुरक्षित ठिकाणी मागं ठेवा आणि हलक्या फौजेनिशी गनिमी काव्यानं लढा, असा सल्ला सूरजमल जाटानं दिल्याचं सांगतात; मल्हारराव होळकरांचंही मत तसंच होतं म्हणतात. तो मानला गेला नाही, आणि पुढं दिल्लीहून सूरजमल निघून गेला. मी माझ्या युनिटमधल्या कुणालाही बुणगे म्हणणार नाही. स्पॉट दादा नसेल तर सेट एक तास चालत नाही. पण नको असलेल्या 30 माणसांना बोलावलं होतं आम्ही, ती आपणहून आली नव्हती. त्यांना उपाशी ठेवण्याचा दोषही आमचाच.

पाऊस 5 दिवस आधी आला. 26 चे 41 दिवस झाले. 51 लाख विसाव्या-बाविसाव्या दिवशीच संपत आले. मग त्यानं स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स विकल्या. मग आईच्या पाटल्या आल्या, रुमालात बांधून. भाऊंनी 1760 च्या ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली तेव्हा फौजेचा पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी उतरवून तिची नाणी पाडली. ती नाणी थोड्याच दिवसांत संपली. ज्या दिवशी पाटल्या माझ्या टेबलावर आल्या त्या दिवशी मला ते छत आठवलं होतं. इतिहास शिकलेली बाई मी. मी म्हणायला पाहिजे होतं, बाळा, आज पॅकअप कर. जेवढं झालंय तेवढ्यावर थांब, सहा महिन्यांनी उरलेलं कर. त्याऐवजी मी पाटल्यांची पावती लिहिली.

33 व्या दिवशी केटररनं गाडी पाठवली नाही. त्याची तीन आठवड्यांची बाकी होती, त्याचा काय दोष. सकाळी साडेदहाला 70 माणसं उन्हापावसात उभी. मी भोरच्या एसटी स्टँडवर जाऊन वडापाव आणि केळी आणली, स्वतःच्या पैशातून. चार वर्षांचा अनुभव असलेला एक लाईटमन केळं हातात घेऊन मला म्हणाला, “ताई, आमचं काय ते सांगून टाका ना एकदा. खोटं नका सांगू फक्त.” मला वाटतं, त्या महिन्यात कुणी विचारलेला तो एकमेव सरळ प्रश्न. त्यालाही मी खोटं उत्तर दिलं.

1760 च्या डिसेंबरमध्ये रसद आणि पैसा पोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि भाऊंच्या छावणीची वाट बंद झाली. 14 जानेवारी 1761 ला उपासमारीनं खंगलेली माणसं रणात उतरली. आपण मराठीत सहज म्हणतो, ‘आमचं पानिपत झालं.’ त्या एका दिवसाबद्दल म्हणतो. दप्तर वाचलं तर कळतं, की ते आदल्या वर्षभर रोज थोडं थोडं होत होतं.

आमच्या चित्रपटाचा साउंड शेवटी मित्राच्या मित्राकडं 9 दिवसांत उरकला. ओढ्याच्या पाण्याचा आवाज, ज्याच्यावर अख्खी गोष्ट उभी होती, तो कुठल्याशा लायब्ररीतून घेतला. मग प्रिव्ह्यू. त्या प्रिव्ह्यूविषयी लिहायला हवं, कारण मला तिथं माझं लहानपण आठवलं.

1975 ला मी 10 वर्षांची होते. आणीबाणी लागली होती, आमच्या वाड्यातले एक काका मिसाच्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होते. घरात मोठी माणसं हळू बोलायची. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, सगळीकडं सगळं सुरळीत असल्याच्या बातम्या. 18 जानेवारी 1977 ला इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या आणि मार्चमध्ये त्यांचा पक्षच काय, त्या स्वतः रायबरेलीत राज नारायण यांच्याकडून 55 हजारांहून जास्त मतांनी हरल्या. निवडून येऊ अशीच त्यांची खात्री करून देण्यात आली होती, असं बऱ्याच अभ्यासकांनी लिहिलं आहे. आमच्या वाड्यातल्या धुणंभांडी करणाऱ्या मावशींना जे माहीत होतं ते दिल्लीत माहीत नव्हतं. इतरांची तोंडं बंद केली की आपले कान बंद होतात, हे मला त्या वयात नीट मांडता आलं नसतं, पण दिसलं होतं.

आमच्या प्रिव्ह्यूला 40 माणसं होती. आईवडील, मावश्या, कॉलेजचे मित्र, दोन शिक्षक. सगळे त्याचे. मध्यंतरानंतर 11 मोबाईल उजळले. मोजायची सवय आहे, म्हणून मोजले. संपल्यावर टाळ्या, मिठ्या, आईच्या डोळ्यांत पाणी. त्यानं मला विचारलं, “कसा वाटला?” मी म्हटलं, “छान झालाय.” 11 मोबाईलचा हिशेब मी त्याला दिला नाही. दुसऱ्या भागातली 20 मिनिटं तेव्हाही कापता आली असती.

2015 मध्ये एका शुक्रवारी पुण्यात 4 पडद्यांवर तो लागला, बहुतेक सकाळचे खेळ. पुढच्या शुक्रवारी एकाही ठिकाणी नव्हता. त्यानं फोन बंद केला. कार्यकारी निर्माती मी, त्यामुळं फोन माझ्याकडं येऊ लागले. लाईटचे, स्पॉटचे, कपडेपटाचे मिळून 14 जणांचे 3 लाख 12 हजार राहिले होते. मोठ्या नावांचे पैसे ज्याच्या त्याच्या करारानं आधीच गेले होते. बाकी राहतात नेहमी याच लोकांचे, कारण त्यांच्याकडं कागद नसतो. दोन वर्षांनी त्याला एका जाहिरातीचं काम मिळालं. लाईटवाल्यानं गाडी गेटबाहेर उभी केली आणि निरोप धाडला, आधी पैसे, मग जनरेटर. पुण्यात हे जग फार लहान आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. त्यानं दुसरा चित्रपट केला नाही. फार चांगली नजर होती त्याला, हे मी आजही म्हणते. त्याच्या पहिल्या लघुपटातला आजीचा एक शॉट मी विसरू शकत नाही.

यावर उपाय काय, असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांना माधवरावांकडं नेते. पानिपतानंतर जून 1761 मध्ये नानासाहेब पेशवे पर्वतीवर वारले आणि 16 वर्षांच्या मुलाच्या हाती फसलेला कारभार आणि कर्ज आलं. दहा वर्षांत मराठी फौजा पुन्हा दिल्लीत होत्या. हे कसं झालं याची कारणं पुष्कळ आहेत, पण मला एक माणूस फार महत्त्वाचा वाटतो, रामशास्त्री प्रभुणे. माधवराव जपजाप्यात तासन्‌तास घालवू लागले, भेट देईनात, तेव्हा शास्त्रीबुवांनी काशीला जायची परवानगी मागितली, अशी गोष्ट सांगतात. अनुष्ठानच करायचं असेल तर गादी सोडा, राज्य करायचं असेल तर लोकांचं काम करा, असं ते म्हणाले. पेशव्यानं ऐकलं. आणि ऐकून त्यांना दुसऱ्या कामावर धाडलं नाही, बढती देऊन गप्प केलं नाही; जिथं होते तिथंच ठेवलं. 18 नोव्हेंबर 1772 ला थेऊरला माधवराव गेले, वय 27. मरण्यापूर्वी करून ठेवलेल्या कलमांत कर्ज फेडण्याचं कलम होतं. मरणाच्या दारात माणसाला देण्याची आठवण होती, हे वाचून मी दप्तरखान्यात रडले होते.

तेच रामशास्त्री पुढच्या वर्षी नारायणरावांच्या खुनानंतर राघोबादादांसमोर उभे राहिले आणि देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरं नाही असं सांगून त्यांनी पुणं सोडलं. दादांनी त्यांना जाऊ दिलं. पुढं दादा 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून बसले आणि 1783 मध्ये कोपरगावला वारले. अटकेपर्यंत गेलेला माणूस.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडं अंदाजपत्रक घेऊन आली. मी तिला माझी सगळी गोष्ट सांगितली, काही न लपवता. तिनं एक काम केलं. हिशेबनीस आणि साउंड रेकॉर्डिस्ट या दोघांपैकी कुणीही ‘आज थांबा’ म्हटलं तर चित्रीकरण थांबेल, असं करारात लिहून घेतलं, आणि त्या दोघांना चित्रपटात भागी दिली नाही, ठरलेला मेहनताना दिला, तोही अर्धा आगाऊ. मी विचारलं, भागी का नाही? म्हणाली, “भागी दिली की तुम्ही माझ्या बाजूच्या व्हाल, मावशी.” मला इतक्या वर्षांत जे कळलं नव्हतं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. पोस्ट प्रॉडक्शनचे पैसे वेगळ्या खात्यात, दोघांच्या सह्यांशिवाय निघणार नाहीत असे. युनिट 22 जणांचं. रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, तिनं ओळखीच्या एकाही माणसाला दाखवला नाही. एका महिला बचतगटाला आणि एका अभ्यासिकेतल्या मुलांना दाखवला आणि स्वतः मागं उभी राहून बघत होती. 19 मिनिटं कापली. 12 व्या दिवशी मी एकदा ‘आज थांबा’ म्हटलं होतं. ती चिडली, दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, पण थांबली. तिच्या चित्रपटाचा मथळा कुठं झाला नाही. महोत्सवांना तिनं फक्त 6 ठिकाणी पाठवला, त्यातल्या दोघांनी घेतला. सध्या तिच्या दुसऱ्या चित्रपटाचं अंदाजपत्रक माझ्या टेबलावर आहे, आणि पहिल्या वेळचे सगळे लाईटमन पुन्हा येणार आहेत.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. परदेशी महोत्सवात निवड झालेल्या मुलांच्या मुलाखती आपण घ्याल, जरूर घ्या, त्यांना त्या कौतुकाची गरज असते. सोबत एक प्रश्न विचारावा: युनिटचे पैसे दिलेत का? कुणाला अवघडवण्यासाठी नव्हे. पेपरात हा प्रश्न येतो हे एकदा ठाऊक झालं की तो सेटवर आधीच विचारला जाईल. आणि एखाद्या रविवारी दिग्दर्शकाऐवजी एखाद्या प्रॉडक्शन मॅनेजरची, एखाद्या स्पॉट दादाची मुलाखत छापा. चित्रपट कसा बुडतो ते त्यांना सगळ्यात आधी कळतं.

ज्या मुलांना आपलं अंदाजपत्रक कुणी परक्यानं वाचावं असं वाटत असेल त्यांना मी रविवारी सकाळी वेळ देते, पैसे घेत नाही. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे, विचारणाऱ्यांना द्यावा.

त्या 14 जणांपैकी 5 जणांचे पैसे मी माझी एक मुदत ठेव मोडून 2018 मध्ये दिले. केळं हातात घेऊन प्रश्न विचारणारा लाईटमन त्यांत पहिला होता. पैसे मोजून घेतल्यावर तो म्हणाला, “हे तुमचे आहेत ना, ताई?” या वेळी मी खरं सांगितलं. उरलेल्या 9 जणांची यादी माझ्याकडं आहे, 1 लाख 96 हजार. दिग्दर्शकालाही ती पाठवली आहे, गेल्या दिवाळीत त्याचा ‘पाहतो’ असा मेसेज आला.

आपली,
एक निर्मिती हिशेबनीस
सदाशिव पेठ, पुणे